नवीन लेदर कोरल बंद आहे? मग राहू द्या ना बंद

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये नवीन कोरल (प्रवाळ) आणल्यावर पहिल्या आठवड्यात आपण त्याला जेवढं छळतो तेवढं नंतर वर्षभर छळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. उघडलं नाही की डावीकडून उजवीकडे, मग वर, मग परत खाली, लाईट वाढव, कमी कर, त्यात कोणीतरी सांगितलं म्हणून आयोडीन. अरे, त्याला जरा बसू तरी द्या.

सध्या माझ्याकडे चिंचवडच्या एका मित्राने दिलेला टोडस्टूल लेदरचा, म्हणजे छत्रीसारख्या दिसणाऱ्या चामड्यासारख्या कोरलचा, फ्रॅग (कापून वेगळा केलेला तुकडा) आहे, त्याच्याच टँकमध्ये वाढलेला. मी दगडी सांगाडा नसलेली सॉफ्ट कोरलच ठेवतो, कारण रीफ बांधणारी सगळी दगडी कोरल्स आपल्याकडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाखाली, आहेत आणि ते मला अगदी योग्य वाटतं.

आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवायची म्हणजे तापमान जुळतं, तोवर रिफ्रॅक्टोमीटरने दोन्हीकडची सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, बघायची. त्याची 1.024, माझी 1.025, एवढ्या फरकाला तासभर ड्रिप लावायची काही गरज नाही. फरक मोठा असेल तर मात्र एअरलाईनच्या नळीला गाठ मारून थेंब थेंब पाणी सोडायचं. मग टँकच्याच पाण्यात डिप, म्हणजे कीड पाडायचं औषध घालून त्यात थोडा वेळ बुडवायचं, आणि ते पाणी बेसिनमध्ये ओतायचं, टँकमध्ये कधीच नाही. डिपने फ्लॅटवर्म (चपटे किडे) वगैरे पडतात पण अंडी मरत नाहीत, म्हणून देठाच्या खालच्या बाजूला आणि दगडाच्या खाचेत टॉर्च मारून बघायचं, काही चिकटलेलं दिसलं तर जुन्या टूथब्रशने काढायचं. लेदरच्या अंगावर सुपरग्लू टिकत नाही, बुळबुळीत असतं ना ते, पण हा फ्रॅग आधीच एका छोट्या दगडाला धरून बसलेला होता म्हणून जेल ग्लू त्या दगडालाच लावला.

लाईटचं मात्र खरंच सांभाळा. कोरलच्या पेशींमध्ये शेवाळ राहतं आणि कोरलचं बरंचसं अन्न तेच बनवतं, पण एकदम झगझगीत उजेड पडला तर त्या शेवाळाचाच कोरलला त्रास होतो आणि कोरल त्याला बाहेर टाकून पांढरं पडतं. मित्राकडे लाईट मंद, माझा एलईडी कडक, म्हणून फ्रॅग खाली वाळूजवळ ठेवलाय, लाईट निम्म्यावर आणलाय आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवणार.

आता मुख्य गोष्ट. लेदर बंद होतं, पॉलिप (फुलासारखी बारीक तोंडं) आत ओढून घेतं, वर चकचकीत मेणचट थर येतो, त्यावर तपकिरी शेवाळही धरतं आणि बघणाऱ्याला वाटतं संपलं. आईने तर विचारलंच, "अरे, मेलं का रे ते?" नाही गं आई, कात टाकतंय! तो थर कडेने सुटायला लागतो, फ्लोमध्ये फडफडतो आणि पापुद्र्यासारखा निघून जातो, मग खालून स्वच्छ कातडी आणि बारीक बारीक पॉलिप. याला काही दिवस लागतात, कधी दोन आठवडेसुद्धा. देठ घट्ट आणि उभा असेल तर काही करू नका, फारतर पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) थोडा वळवा म्हणजे थर निघायला मदत होईल, पण झोत सरळ अंगावर नको. देठ मऊ पडून विरघळायला लागला, घाण वास आला, तर मात्र लगेच बाहेर काढायचं.

बाकी या दिवसांत सगळं लक्ष टँक स्थिर ठेवण्यावर. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची क्षमता, डीकेएचमध्ये मोजतात) 8 डीकेएच असो की 9, रोज तेवढीच राहिली पाहिजे. पुण्यात त्यात गुरुवार येतो, मेन्टेनन्सला लाईट जाते, पंप बंद, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप चार्ज हवाच. पाणीही बऱ्याचदा गुरुवारीच बंद असतं, तर उडालेल्या पाण्याची भर घालायला आरओच्या शुद्ध पाण्याचे कॅन बुधवारी रात्री भरून ठेवायचे, नाहीतर एप्रिल-मेमध्ये फॅन लावला की पाणी इतकं उडतं की सॅलिनिटी भराभर चढते.

आणि कार्बन (पाण्यातली रसायनं शोषून घेणारा कोळसा) टाकायला विसरू नका, लेदर शेजाऱ्यांना मागे ठेवायला पाण्यात रसायनं सोडतं. माझे झोअँथिड्स (बटणासारखी छोटी कोरल्स) जवळच आहेत, म्हणून या महिन्यात कार्बन नेहमीपेक्षा लवकर बदलतोय.