खांब किती?

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी चाकणला कारखान्यात होतो. शाळेवर लिहायचं म्हणजे चिंचेखालचा वर्ग, शिपाईमामांची घंटा, गॅदरिंगचा गोंधळ हे सगळं यायला हवं. १९९१च्या आमच्या बॅचमधलं कुणीतरी ते लिहीलच. मला मात्र संस्कृतच्या बाई आठवल्या, आणि त्याही शाळेतल्या नाहीत, जपानमधल्या नारा गावातल्या. बाई जपानला कधीच गेल्या नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो.

आठवीची सहल कार्ल्याला गेली होती. चैत्यगृहात शिरल्याबरोबर बाई म्हणाल्या, "खांब मोजून सांगा." मी दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा मोजले, मागच्या अंधारात नजर टाकली आणि ठोकून दिलं, "छत्तीस." बाई म्हणाल्या, "पुन्हा जा." पुन्हा छत्तीस. "पुन्हा जा." पोरं खाली पायऱ्यांवर भेळ खात बसली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि मी स्तूपामागे एकेका खांबाला हात लावत फिरत होतो. मागे सात निघाले, एकूण सदतीस. "मघाशी तू मोजले नव्हतेस, अंदाज केला होतास," एवढंच बाई बोलल्या. बसमध्ये मला गूळपापडी दिली, ती मात्र दोन वड्या.

पुढे इंजिनिअरिंग झालं आणि १९९८ साली शिष्यवृत्तीवर ओसाकाला गेलो. पहिल्याच आठवड्यात जपानी वर्णमालेचा तक्ता हातात पडला. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. वर्गात चीन, ब्राझील, हंगेरी अशा ठिकठिकाणची मुलं घोकत बसली होती. मी मनात 'कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ' म्हणत ओळी लावल्या आणि क्रम त्या दिवशीच पाठ झाला. हा क्रम संस्कृतवरूनच घेतलेला आहे, असं तिथल्या शिक्षिकेनं सांगितलं. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् ही जुनी भारतीय लिपी शिकत, त्यातून तो आला. आमचे बाकावर उभे राहून घालवलेले तास असे वसूल झाले.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही चौघं नाऱ्याला गेलो. व्हिएतनामचा एक, इंडोनेशियाची एक, प्रयोगशाळेतला जपानी सेनपाई, म्हणजे सीनियर, आणि मी. ओसाकातल्या नाम्बा स्टेशनाहून किन्तेत्सू रेल्वेनं पाऊण तासही लागत नाही. स्टेशनातून वर आलो की थोड्याच अंतरावर हरणं सुरू. कोंड्याची बिस्किटं हातात दिसली की ती चक्क मान लववून नमस्कार करतात, आणि द्यायला उशीर झाला की शर्ट ओढतात. माझ्या खिशातला नकाशा एकीनं अर्धा खाल्ला. मॅपलची पानं लालभडक झाली होती. त्या पानांचे फोटो मी किती काढले ते सांगत नाही, रीळ तिथंच संपलं.

तोदाइजीच्या भव्य लाकडी मंदिरात पंधरा मीटर उंचीचा ब्राँझचा बुद्ध बसलेला आहे. आपल्या भाषेत वैरोचन. आत्ताचं मंदिर १७०९चं. आधीची दोन जळाली, आणि पहिलं तर याहूनही रुंद होतं म्हणे. सेनपाई सांगत होता की ७५२ साली मूर्तीचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला, तेव्हा बुबुळं रंगवणारा भिक्षू भारतातून आलेला होता. बोधिसेन त्याचं नाव. त्याच्या कुंचल्याला लांबलचक दोरी बांधली होती आणि ती खाली जमलेल्या लोकांनी धरली होती, म्हणजे डोळे सगळ्यांनीच उघडले. तो कुंचला अजून शोसोइनमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या खजिन्याच्या कोठारात, जपून ठेवलेला आहे. "तुमच्याकडे त्याच्याबद्दल काय शिकवतात?" त्यानं विचारलं. मी ते नाव त्या क्षणी पहिल्यांदा ऐकत होतो. बाई शेजारी असत्या तर कान नक्की गेला असता.

ती लाज झाकायला म्हणा, मी खांब मोजायला लागलो. मागच्या एका खांबाला बुंध्याशी भोक आहे, मूर्तीच्या नाकपुडीएवढं. त्यातून पार झालं की ज्ञानप्राप्ती पक्की म्हणतात. पिवळ्या टोप्यांची शाळकरी पोरं रांग लावून सरपटत होती आणि त्यांच्या बाई छोटा झेंडा हातात धरून डोकी मोजत होत्या. माझं मोजणं तिथंच थांबलं. व्हिएतनामचा मित्र सुळकन निघाला. मी खांद्याशी अडकलो. सेनपाई हात धरून ओढतोय, मागे पोरं 'गाम्बात्ते, गाम्बात्ते', म्हणजे 'जोर लाव', ओरडतायत! बाहेर आलो तेव्हा आकडा पार विसरलो होतो.

त्या रात्री बाईंना चार पानी पत्र लिहिलं. महिन्याभरानं माझंच पत्र परत आलं, लाल शाईनं तपासलेलं. 'जपान मध्ये' असं मी तोडून लिहिलं होतं, ते जोडलं होतं. वर्णमालेच्या ओळीपाशी समासात लिहिलं होतं, "ह हा कंठ्य. तो म-शेजारी ओष्ठ्यांच्या जागी कसा? चौकशी कर." मी केली. जुन्या जपानीत त्या 'ह'चा उच्चार 'प' होता, म्हणून तो म्हणजे ओष्ठ्यच. तिथं राहून मला ही शंका आली नव्हती. बाईंना ती तक्ता न पाहता आली.

आता कारखान्यात गुणवत्ता विभाग माझ्याकडे आहे. जपानहून पाहुणे आले की रविवारी त्यांना कार्ल्याला नेतो आणि खांब मोजायला लावतो. बहुतेक जण एका फेरीत सदतीस सांगतात. परवा शाळेतही आलो होतो. नवी इमारत चकचकीत आहे, वर्गात स्मार्ट बोर्ड आहेत. बाईंनी हातानं रंगवलेला वर्णमालेचा तक्ता कुठं गेला, हे कुणालाच सांगता आलं नाही. एवढी मोठी इमारत बांधली, एक खिळा त्या तक्त्यासाठी ठोकायचा होता.

बाई जाऊन चार वर्षं झाली. पत्र माझ्याकडे आहे. शेवटच्या पानाखाली, सहीच्या वर, लाल शाईत एकच ओळ आहे: "खांब किती ते लिहिले नाहीस." 'ह'चं उत्तर मी लगेच कळवलं होतं. हे राहिलं.