माझा सातबारा आणि धाकट्याचा जामीन

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझं महा ई-सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत. दिवसभर कागदांतच असतो, त्यामुळे कागद चोख असला की काम होतं यावर माझा फार विश्वास होता. 2025 च्या जूनपर्यंत.

सोमवारी रात्री पावणेबाराला धाकट्याच्या रूममेटचा फोन आला. "दादा, याला पोलिसांनी नेलंय. साडेनऊलाच." धाकटा पुण्याजवळच्या एका एमआयडीसीत गोडाऊनला होता. स्टॉकमध्ये तांब्याच्या वायरची तीन बंडलं कमी भरली आणि त्या आठवड्यात नाइट शिफ्ट याची. पोलीस ठाण्यात फोन लावला तर ठाणे अंमलदार म्हणाले, "अटक वगैरे काही नाही हो, चौकशीला बसवलाय."

हे 'बसवलाय' तेव्हा मला दिलासा वाटला होता. त्यातली मेख नंतर कळली. संविधानाचं 22 वं कलम सांगतं की अटक केलेल्या माणसाला 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. पण अटकच दाखवली नाही तर तास मोजायचे कुठून?

मंगळवारी दुपारी चारला मी पोहोचलो. लॉकअपच्या गजांआड धाकटा एका हाताने पॅन्ट धरून उभा होता. बेल्ट तर घेतलाच होता, कमरेचा करदोडाही काढून घेतला होता. कोणी गळफास घेऊ नये म्हणून काढतात, असं एका हवालदारांनी समजावून सांगितलं, तेही चांगल्या शब्दांत. धाकटा एवढंच म्हणाला, "दादा, आईला सांगू नको."

प्रवासात 15100 वर फोन केला होता. विधी सेवा प्राधिकरणाची ही हेल्पलाइन आहे आणि ती खरंच उचलतात. तिथून लोकअभिरक्षक कार्यालयाचा पत्ता मिळाला. म्हणजे सरकारी खर्चाने आरोपीची बाजू मांडणारे वकील. मी सवयीने उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, सगळ्याच्या दोन-दोन प्रती घेऊन गेलो. तिथल्या ताई हसल्या. "कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नसते हो. ठेवा ते." 1987 च्या कायद्यातच ही तरतूद आहे. मी रोज लोकांना दाखले काढून देतो, आणि मलाच माहीत नव्हतं.

वकील मॅडम तिशीतल्या असतील. त्यांनी सगळ्यात आधी अटकेचा मेमो मागितला. त्यावर अटकेची वेळ होती मंगळवार दुपारी 1.15. साक्षीदार म्हणून सही रूममेटची. त्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब म्हणाले इथे सही कर, मी केली." डी. के. बसू खटल्याच्या निकालापासून, म्हणजे 1996 पासून, अटकेच्या कागदावर वेळ लिहायची आणि नातेवाइकाची किंवा तिथल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची असा दंडक आहे. कशासाठी? तर असले घोळ होऊ नयेत म्हणून. आमच्या कागदावर दोन्ही होतं. नियम पाळून घोळ केलेला होता.

बुधवारी बारा वाजता कोर्टात उभं केलं. खरे तास मोजले तर साडेअडतीस, कागदावर मात्र तेवीसही भरत नव्हते. मॅडमनी ते मांडलं. न्यायाधीशांनी थेट धाकट्यालाच विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? कधी आणलं तुम्हाला?"

धाकट्याने आधी शेजारच्या शिपायाच्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तक्रार नाही. काल दुपारी आणलं."

मला इतका राग आला! दहा मिनिटांचा प्रश्न होता, तेवढं खरं बोलायला काय झालं होतं? पुढे कितीतरी दिवसांनी मी त्याला हे विचारलं. तो म्हणाला, "दादा, तू घरी जाणार होतास. मला परत त्यांच्याच गाडीत बसायचं होतं." यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

नोकराने मालकाकडे चोरी केल्याचं कलम होतं. शिक्षा सात वर्षांपर्यंत. अर्नेश कुमार निकालानुसार, 2014 पासून, अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही. आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची आणि अटक करायचीच असेल तर कारण लिहून ठेवायचं. मॅडमनी हेही मांडलं. तपास अधिकाऱ्यांनी एक छापील तक्ता पुढे केला, त्यात सगळ्या चौकटींवर बरोबरची खूण. "मुद्देमाल हस्तगत करायचा आहे" म्हणून दोन दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळाला.

लॉकअपमध्ये परत नेण्याआधी मॅडम त्याला कानात बोलल्यासारखं सांगत होत्या: कोऱ्या कागदावर सही करायची नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा होत नाही. पण तुझ्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरतं तुझं बोलणं चालतं. त्यामुळे केलं नसेल तर 'दाखवतो' म्हणू नकोस. तो मान हलवत होता. किती कळलं देव जाणे. बंडलं काही सापडली नाहीत.

शुक्रवारी एमसीआर झाली, म्हणजे आता तुरुंग. त्याच दिवशी जामिनाचा अर्ज टाकला, सोमवारी सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, आला आणि मंगळवारी जामीन मंजूर. 25 हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. मी घरी फोन करून सांगून टाकलं, सुटला म्हणून. आईला आठवड्याने पहिल्यांदा खरं सांगितलं, तेही अर्धवट निघालं.

कारण माझा सातबारा खिडकीतून परत आला. वडिलोपार्जित दोन एकर, माझ्या नावावर, बोजा नाही. मीच काढलेला, डिजिटल सहीचा. क्लार्कने जिल्हा वाचला आणि म्हणाला, "हिंगोली? इथला आणा कोणीतरी."

इथला कोण आणायचा? रूममेट सगळे भाड्याने राहणारे. घरमालक म्हणाला, खोली रिकामी करा, त्याच दिवशी. ठेकेदाराने फोन उचलणं सोडलं. पुणे आणि आसपास आमच्या मराठवाड्याची एवढी पोरं राबतात, त्यांच्यापैकी कितींच्या नावावर तिथे घर असेल? कोर्टाबाहेरच्या टपरीवर एका माणसाने आपणहून विचारलं, "जामीनदार पाहिजे का? आठ हजार. कागद तयार असतात." खोटं सांगत नाही, मी एटीएमपर्यंत गेलो होतो. तिथून मॅडमना फोन केला. त्या ओरडल्याच. "तो बोगस निघाला की जामीन तर जाईलच, वर तुमच्यावर दुसरा गुन्हा. परत या."

परत गेलो तेव्हा त्यांनी मोतीरामची गोष्ट सांगितली. मध्य प्रदेशातला गवंडी. दंडाधिकाऱ्यांनी 10 हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा भाऊ उभा राहिला तर तो नाकारला. का, तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचं ठरवलं, 1978 मध्ये. माझ्या जन्माआधी. मी विचारलं, मग आपल्याला पुन्हा का विचारतात? मॅडम म्हणाल्या, "म्हणून तर 31 जानेवारी 2023 ला परत सांगावं लागलं." त्या आदेशात, स्थानिक जामीनदारापायी सुटका रखडते तिथे कोर्टांनी ती अट घालू नये असं सुचवलंय, आणि जामीन मिळूनही माणूस सात दिवसांत सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असंही.

दोन्ही निकाल जोडून अर्ज केला: तात्पुरती रोख रक्कम घ्या आणि दुसऱ्या जिल्ह्याचा जामीनदार चालवा. सुनावणीला एक तारीख गेली, एक दिवस न्यायाधीश रजेवर. शेवटी मंजूर झाला. 15 हजार रोख भरा आणि चार आठवड्यांत जामीनदार द्या, मग तो कुठलाही असो.

मृग निघाला होता. वडिलांनी सोयाबीनच्या बियाण्याला आणि खताला काढून ठेवलेले पैसे माझ्या खात्यावर पाठवले. कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्या नाझरकडे ते मोजून दिले आणि पावती घेतली. बियाणं मग उधारीवर आणलं. सुटकेचा आदेश त्या दिवशी तुरुंगात उशिरा पोहोचला, म्हणून आणखी एक रात्र. दुसऱ्या दिवशी धाकटा बाहेर आला. जामीन मंजूर झाल्यापासून तेरावा दिवस होता तो. घरी आम्ही कोणीच तो आकडा मोठ्याने म्हणत नाही.

जुलैत माझा ऐपतीचा दाखला निघाला. तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांची सही. स्वतःचा अर्ज स्वतःच्याच केंद्रातून भरताना हात जरा अडखळला. त्याच सातबाऱ्यावर मी जामीनदार झालो, त्याच कोर्टात, त्याच खिडकीवर.

अटकेची कारणं म्हणून धाकट्याला तेव्हा फक्त कलमांचा आकडा सांगितला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वरळीच्या मोटार अपघात प्रकरणातल्या आरोपीच्या अपिलावर, सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कारणं लेखी आणि त्या माणसाला कळेल अशा भाषेत द्यायची, आणि उशिरात उशिरा म्हणजे कोर्टापुढे नेण्याच्या दोन तास आधी. मोठ्या गाडीच्या प्रकरणातून आलेला हा नियम गोडाऊनच्या पोरांनाही लागू आहे. कात्रण काउंटरच्या काचेखाली ठेवलंय.

खटला अजून उभा राहिलेला नाही. दोषारोपपत्र आलंय, तारखा पडतात. धाकटा आता गावातच असतो, केंद्रात बसतो. परवा एक म्हातारे आजोबा ऐपतीच्या दाखल्याला आले. कशाला पाहिजे ते त्यांनी सांगितलं नाही, आणि धाकट्याने विचारलंही नाही. कीबोर्डवरून मान वर न करता तो एवढंच म्हणाला, "आजोबा, कोणत्या जिल्ह्यात लावायचाय?"