पक्षी काय फक्त डिसेंबरातच असतात का?

थंडी पडली रे पडली की आमच्या ग्रुपवर एकच मेसेज, नांदूरमध्यमेश्वरला कोण कोण येतंय? एकदा फेब्रुवारी संपला की मग कोणी पक्ष्यांचं नावही काढत नाही. नाशिक जिल्ह्यातलं हे पक्षी अभयारण्य भारीच आहे, त्यात वाद नाही. गोदावरी आणि कादवाच्या संगमावर बंधारा बांधला, त्यात वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या, म्हणजे पाणी साठवायच्या हिशोबाने जे नुकसान तेच पक्ष्यांच्या पथ्यावर पडलं. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं. आता रविवारी तिथल्या चापडगावला गाडी लावायला जागा मिळेल तर शपथ. सगळे भल्यामोठ्या लेन्स लावून रोहित (म्हणजे फ्लेमिंगो) कुठेय, रोहित कुठेय करत असतात आणि जवळच काठावर जांभळी पाणकोंबडी असते तिच्याकडे कोणी बघत नाही. ती पाणकणसाचा दांडा चोचीने उपटते, एका पायाच्या लांब बोटांत धरते आणि आपण ऊस खातो तसा सोलून आतला मऊ गाभा खाते. अर्धा तास सहज जातो बघण्यात.

पण मला विचाराल तर खरी मजा जूनपासून. मखमलाबादला मामाची द्राक्षबाग आहे, तिथे तारांवर चातक येऊन बसतो, काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. हा गडी आफ्रिकेकडून मान्सूनच्या वाऱ्यांबरोबर येतो आणि घरटं बांधायच्या भानगडीत पडतच नाही, मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालून मोकळी. मग ऑगस्टच्या आसपास बांधावर सातभाईंची टोळी कलकलाट करत फिरते आणि मागे एक वेगळंच दिसणारं पिल्लू चोच वासून, आणि हे बिचारे त्यालाच भरवतायत. मामी म्हणते, "कळत कसं नाही गं यांना?"

आणि पावसाळ्यात अंजनेरीचा डोंगर! धबधब्याखाली भिजायला नाही म्हणत मी, ती गर्दी मागे टाकून वर पठारावर जा. गवतात खाली बसून शोधलंत तर कंदीलपुष्पं दिसतात, त्यातल्या एकाचं तर शास्त्रीय नावच सेरोपेजिया अंजनेरिका. ह्या कंदिलाची गंमत बघा, वासाने बारीक माशी आत शिरते, नळीत खालच्या दिशेला वळलेले केस असतात त्यामुळे आत जाता येतं पण बाहेर येता येत नाही. माशी आतच कैद. काही वेळाने केस कोमेजतात, तिची सुटका होते, आणि ती परागकण अंगाला चिकटवून पुढच्या फुलात जाऊन पुन्हा अडकते. फक्त प्लीज, तोडू नका आणि पाय कुठे ठेवताय ते बघा, सेल्फीच्या नादात किती तुडवली जातात. मान वर केलीत तर कड्यावरून गिधाडंही घिरट्या घालताना दिसतील, नशीब असेल तर.

ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास धोबी येतो, शेपटी हलवत ओल्या मातीत किडे टिपत फिरतो, माणसांना अजिबात घाबरत नाही. त्याच्यासाठी कुठे जायलाही लागत नाही, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येसुद्धा असतो.

नंतर येतात भोरड्या, आणि इथे माझं आणि मामाचं दरवर्षी वाजतं. काटेसावर फुलली की शेकड्यांनी त्यावर उतरतात, गुलाबी अंग, काळं डोकं, नुसता गोंगाट, मला तर तिथून हलवत नाही. पण त्याच दिवसांत द्राक्षात साखर भरलेली असते, जाळी कुठे जराशी फाटलेली असली तरी ह्यांना बरोबर सापडते. मी मामाला समजावत होते की अहो मामा, ह्या तिकडे मध्य आशियात नाकतोडे आणि टोळ खातात, शेतकऱ्याच्या केवढ्या कामाच्या आहेत. मामा जाळी शिवता शिवता म्हणाला, "मग तिकडंच राहायचं ना त्यांनी, माझ्या थॉमसन द्राक्षांवर कशाला येतात?"