पेटीच्या दारातलं पांढरं काहीतरी

आमच्या आंब्याखाली सातेरी मधमाश्यांची एक पेटी आहे, आणि सकाळचा चहा मी हल्ली तिच्यासमोरच पितो. परवा दारात बघतो तर एक कामकरी माशी काहीतरी पांढरंफटक ओढत बाहेर आणतेय. नीट बघितलं तर पिल्लूच, डोळे तेवढे जांभळट झालेले, पंखांचा पत्ता नाही. कडेपर्यंत आणलं आणि दिलं ढकलून. अर्ध्या तासात चार. एकाचा पाय हलत होता असं मला वाटलं आणि चहा तिथेच राहिला.

पेटी दिली त्या मधपाळकाकांना फोन लावला. "काढतायत ना? मग पेटी चांगलीये. काढायच्या बंद झाल्या की सांगा." फोन ठेवला पण.

मग वाचत बसलो. पोळ्यात कायम 34-35 अंशांची ऊब, हजारो पिल्लं भिंतीला भिंत लावून, म्हणजे रोगाला आयतं घर. त्यामुळे ह्या माश्या पिल्लू मरायची वाट बघत नाहीत, मेणाच्या झाकणाआडून आजारी पिल्लाचा वास बदलला की झाकण फोडून बाहेर काढतात, सडून शेजारच्याला लागायच्या आत. 1990 च्या दशकात दक्षिणेत सातेरीला अळ्यांची पाण्याची पिशवी करून टाकणारा विषाणूचा रोग आला तेव्हा वसाहतीच्या वसाहती संपल्या, त्यामुळे काकांना पांढरं पिल्लू बघून बरं का वाटतं ते कळलं. आणि आपल्याकडे मेणकिडा आहेच, तो पोळं पोखरतो तेव्हाही पिल्लं अशीच बाहेर येतात.

सगळ्यात मजा मला अमेरिकेतल्या रोथेनब्युलर नावाच्या मधमाशी-संशोधकाची वाटली. त्याने 1964 साली दाखवलं की झाकण फोडणं आणि मेलेलं उचलणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही रक्तातून येणारी. काही वसाहती झाकण फोडतात आणि तशाच बसून राहतात, आणि काहींना फोडायचं सुचतच नाही पण ह्याने स्वतः फोडून दिलं की लगेच उचलून नेतात. (आमच्या ऑफिसात दोन्ही जातीचे लोक आहेत, फाइल उघडणारे जरा जास्त.) पुढे कळलं की प्रकरण दोन जनुकांवर भागत नाही, बरीच आहेत.

मोठ्या मेलेल्या माश्या उचलणाऱ्याही ठरलेल्या असतात, एका वेळी शंभरात जेमतेम एक. त्या मढं घेऊन उडत लांब टाकून येतात, आणि काही दिवसांनी हे काम सोडून सरळ फुलांवर जायला लागतात.

हे सगळं पटलं. तरी तो हलणारा पाय डोक्यातून जात नाही, आणि मी काल एक पिल्लू उचलून परत दारात ठेवून बघितलं, हो, वेडेपणाच. दोन मिनिटांत खाली.

पेटीच्या पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या ठेवल्यात. आज पाणी भरायला वाकलो तर वाट्यांच्या बाहेर मुंग्यांची ही रांग, चढायचं नावच नाही, नुसत्या खाली थांबलेल्या.