गटार नाही, माझं सोल्युशन होतं ते

दुपारी आमच्या अटेंडंट काकांनी दारातूनच विचारलं, "मॅडम, गटार फुटलं काय जी कुठं?" तोवर शेजारच्या ऑफिसात सगळ्यांच्या नाकाला रुमाल लागले होते आणि कोणीतरी प्लंबरलाही फोन करून मोकळं झालं होतं. मी पीएचडीच्या प्रयोगासाठी सोडियम हायड्रोसल्फाइडचं सोल्युशन करत होते, ज्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, बस. फ्यूम हूडचा, म्हणजे घातक वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा, पंखा दिवाळीपासून बंद, अर्ज देऊन देऊन थकलो. हायड्रोजन सल्फाइडचा तो सडक्या अंड्यांचा वास जरासाही सुटला तरी नाकाला कळतो, त्यात नागपूरचा मे, कूलर फुल स्पीडवर, त्याने सगळी हवा कॉरिडॉरमध्ये ढकलली. (वायू खूप वाढला तर उलट नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, धोका तेव्हा असतो. हे ऐकायला कोणी थांबलं नाही.)

आता हा विषारी वायू मी बोकडाच्या ब्लॅडरवर, म्हणजे लघवीच्या पिशवीवर, का सोडते? तर आपलं शरीर तो स्वतःच बनवतं, सिस्टीन या अमिनो आम्लापासून, अगदी थोडाथोडा, पेशींना निरोप द्यायला. 1996 मध्ये जपानी संशोधकांनी मेंदूच्या बाबतीत हे मांडलं. 2004 मध्ये रॅटचा ब्लॅडर त्याने आकसताना दिसला, आणि 2013 मध्ये डुकराच्या ब्लॅडरची मान, म्हणजे जिथून लघवी बाहेर पडते तो भाग, चक्क सैल पडली. वायू तोच, काम उलटं.

म्हणून सकाळी सकाळी मोमिनपुऱ्यातलं मटणाचं दुकान. दुकानवाले चाचा पेशाब की थैली फेकूनच देतात, माझ्यासाठी ठेवतात आणि दर वेळी हसतात. थैली बर्फातल्या क्रेब्समध्ये, म्हणजे मांस जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात, टाकून लॅबला पळायचं. क्रेब्स करताना कॅल्शियम क्लोराइड सगळ्यात शेवटी, कार्बोजेन (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण) सोडून झाल्यावर, नाहीतर सोल्युशन दुधाळ होतं आणि पहिल्यापासून सगळं परत, हे ज्युनियरांना कितीदा सांगायचं! मानेची पट्टी कापायची, चरबी सोलायची, दोन्ही टोकांना दोरा बांधून ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे क्रेब्स भरलेल्या काचेच्या नळीत, टांगायची; ती किती आवळते ते लॅपटॉपवर रेघेत दिसतं. बाथ 37 डिग्रीला लागतो, पण मेमध्ये आमच्या टाकीतलं पाणीच त्याच्यावर असतं आणि थर्मोस्टॅटला फक्त तापवता येतं, गार करता येत नाही, त्यामुळे मी वॉटर बाथमध्ये बर्फाचे खडे टाकत बसते. पीएचडी चालू आहे म्हणे.

त्या दिवशी फिनाइलएफ्रिन या स्नायू आवळणाऱ्या औषधाने पट्टी आवळली, रेघ वर जाऊन स्थिर झाली. मग ताजं सोल्युशन घातलं आणि रेघ खाली उतरली, हळूहळू, छान गोलाई घेत. काही मिनिटांनी आपोआप वर यायला लागली, कारण बाथमध्ये सतत बुडबुडे सोडतो ना, ते हा वायू उडवून नेतात.

गाइड सरांनी लॅपटॉपकडे बघितलं न बघितलं, "ड्रिफ्ट आहे. रॅटमध्ये तर कॉन्ट्रॅक्शन होतं." ड्रिफ्ट म्हणजे रेघ उगाच आपली सरकणं. अहो सर, ड्रिफ्ट काय औषध घातल्यावर सुरू होऊन आपणहून परत येतो का? शिवाय त्यांनी वाचलेला पेपर अख्ख्या ब्लॅडरचा, माझी पट्टी मानेची. मी आदल्या दिवशीचं, रात्रभर उघडं ठेवलेलं सोल्युशन घातलं, वास पार गेलेला. पट्टी हलली नाही. पीएचचाही कंट्रोल लावला, म्हणजे वायूशिवाय नुसती तेवढीच अल्कता देऊन बघितली, कारण हे सोल्युशन अल्कधर्मी असतं आणि कोणीतरी तेच विचारणार. तोही सपाट. मग आधी ग्लिबेनक्लामाइड दिलं, आपल्याकडे शुगरवाले घेतात ना तीच गोळी, ती पोटॅशियमचे चॅनेल, म्हणजे पेशीतली त्याची दारं, बंद करते, आणि रेघ आधीच्या निम्मीही उतरली नाही. सर म्हणाले, "बोकडाचा रेफरन्स कुठाय?"

नाही ना बाप्पा! म्हणूनच तर करतोय.

एका बोकडावर पेपर होत नाही हे मलाही कळतं. पण ती पट्टी स्वतःचा वायू स्वतः बनवते का, हे बघायला सिस्टीन घालून बघायचं आणि मग सिस्टीनपासून वायू बनवणारं एन्झाइम बंद करणारं प्रोपार्जिलग्लायसिन. त्याचा फॉर्म भरलाय, तो स्टोअरच्या टेबलावर आहे आणि स्टोअरवाले सध्या माझ्यावर नाराज आहेत, कारण प्लंबरचे पैसे त्यांच्या खात्यातून गेले.