शिपाई ते नाईक: कॅडर सोपं होतं, कागद अवघड होता

प्रमोशन कॅडरची, म्हणजे बढतीआधीच्या ट्रेनिंग कोर्सची, यादी कंपनीच्या नोटीस बोर्डावर लागली आणि तीत माझं नाव नव्हतं. माझ्या मागून भरती झालेल्यांची नावं होती. फायरिंग, बीपीईटी (फौजेची शारीरिक क्षमतेची चाचणी), नकाशावाचनाची परीक्षा, सगळं पास होऊन मी बसलो होतो. आज निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी ती यादी आठवली की अजून राग येतो. घरातली पोरं भरतीची तयारी करताहेत आणि विचारतात, 'साधा शिपाई लीडर कसा होतो?' त्यांच्यासाठी हे लिहितोय.

शिपायाला नाईक व्हायचं तर नुसती नोकरीची वर्षं पुरत नाहीत. कॅडर पास करावं लागतं: ड्रिल, हत्यारांची शिकवणी, नकाशा, फील्डक्राफ्ट, सेक्शनचे हुकूम. सेक्शन म्हणजे दहा माणसं. तिचा कमांडर हवालदार किंवा नाईक असतो. म्हणजे नाईकच्या दोन फिती बाहीवर लागल्या की कुठल्याही दिवशी ती माणसं तुमच्या हवाली होऊ शकतात. त्यासाठी आधी कॅडरला नाव जायला हवं, आणि माझं घोडं तिथेच अडलं.

झालं असं की परीक्षा पास झाल्याची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे जवानाच्या नोंदींच्या युनिटच्या हुकुमाने, छापावी लागते. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथे नोंद चढते, मग तुम्ही कागदावर 'पास'. ऑर्डर चढली नाही तर तुम्ही परीक्षेला बसलाच नाहीत, असा हिशोब. मी क्लर्ककडे गेलो की एकच उत्तर: 'गेलंय, येईल.' पुन्हा गेलो, पुन्हा तेच. कधी 'पुढच्या आठवड्यात ये', कधी 'साहेब रजेवर आहेत'. खिडकीपाशी उभं राहायचं, आतला माणूस मान वर करत नाही, आणि तिकडे कॅडरचं ट्रेनिंग मैदानावर सुरू झालेलं दिसतं. ते काशन (ड्रिलचा हुकूम) कानावर पडायचं आणि हातपाय नुसते शिवशिवायचे.

माझ्या सेक्शन कमांडरने हे बघितलं. एका दुपारी म्हणाले, 'उद्या मी येतो बरोबर. आणि झालं का, असं विचारायचं नाही. ऑर्डर नंबर आणि तारीख मागायची.' दुसऱ्या दिवशी तो प्रश्न विचारल्यावर पहिल्यांदा फाईल उघडली गेली. ऑर्डर छापली होती, गेलीही होती, पण रेकॉर्ड ऑफिसने शेरा मारून परत पाठवली होती. माझ्या आर्मी नंबरातले दोन अंक उलटसुलट टाईप झाले होते. आर्मी नंबराच्या शेवटी एक अक्षर असतं, ते आधीच्या अंकांच्या हिशोबावरूनच ठरतं. अंक चुकले की अक्षर जुळत नाही आणि नोंद नाकारली जाते. परत आलेला तो कागद फाईलमध्ये तसाच पडून होता, कुणी मला सांगितलं नव्हतं.

एवढं कळल्यावर लगेच सुटलं असतं तर ठीक. दुरुस्तीची ऑर्डर काढायला पुन्हा टाळाटाळ. तेव्हा सेक्शन कमांडरनी मला कायदेशीर वाट दाखवली: आधी प्लाटून हवालदार, मग कंपनी हवालदार मेजर, मग सिनियर जेसीओ (सुभेदार दर्जाचे) साहेब, आणि तिथून अर्जी रिपोर्टवर, म्हणजे आपली अर्जी घेऊन, कंपनी कमांडरांसमोर. मध्ये कुणालाही डावलायचं नाही. समोर उभं राहिल्यावर दोन वाक्यं बोलायची: काय झालंय आणि काय हवंय. क्लर्कची तक्रार करायची नाही. मी तसंच केलं. कमांडर साहेबांनी तिथल्या तिथे हेड क्लर्कला बोलावून घेतलं, दुरुस्तीची ऑर्डर निघाली आणि पुढच्या कॅडरला माझं नाव गेलं. नाव दिसलं तेव्हा जो हुरूप आला, तो पुढे फिती लागल्यावरही आला नाही.

पोरांनो, भरती झाल्या दिवसापासून प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा. आणि स्वतःचा नंबर प्रत्येक ऑर्डरवर एकेक अंक बोट ठेवून वाचा.

मधल्या काळात मी हात बांधून बसलो नव्हतो, हेही सांगतो. सेक्शन कमांडर मला वर्किंग पार्टीचा, म्हणजे अंगमेहनतीच्या कामाला जाणाऱ्या टोळीचा, इन्चार्ज करून पाठवायचे. फिती नाहीत, सगळे बरोबरीचे, काही तर माझ्याहून सिनियर. अशा लोकांकडून काम कसं करून घ्यायचं? मी निघण्याआधी फावडी, गेंत्या मोजून घ्यायचो, पाण्याचे कॅन भरलेत का बघायचो, सगळ्यात वाईट तुकडा स्वतःकडे घ्यायचो आणि परतताना सामान मोजून सगळ्यात शेवटी निघायचो. थोड्याच दिवसांत सिनियरही विचारू लागले, 'आज काय करायचंय?'

कॅडर स्वतः सरळ गेलं. कष्ट भरपूर, पण अडचण नाही. नकाशात ज्यांना भीती वाटते त्यांनी एवढं पक्कं करावं: 1:50,000 च्या नकाशावर 2 सेंटीमीटर म्हणजे 1 किलोमीटर, आणि बॅक बेअरिंग (उलट दिशेचा कोन) काढताना बेअरिंग 180 पेक्षा कमी असेल तर 180 मिळवा, जास्त असेल तर वजा करा. रात्री थकल्यावर हेच चुकतं.

सेक्शन हुकुमाबद्दल मात्र थांबून बोलावंसं वाटतं. सँड मॉडेलभोवती (वाळूत केलेल्या जमिनीच्या नमुन्याभोवती) सेक्शन बसवायचं, शत्रूची आणि आपली खबर, मकसद, काम कसं करायचं, इंतजाम, कमांड आणि सिग्नल, या क्रमाने सांगायचं आणि शेवटी विचारायचं, 'कोई शक?' सगळे एकसुरात 'नहीं' म्हणतात. आमच्या उस्तादांनी तिथेच मला थांबवलं आणि एलएमजीवाल्याला (हलकी मशीनगन चालवणाऱ्याला) विचारलं, 'तू कुठून फायर देणार?' त्याने मॉडेलवर भलतीकडे बोट ठेवलं. तेव्हापासून मी 'कोई शक' वर कधी विसंबलो नाही. प्रत्येकाकडून त्याचं काम त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत रायफल सेक्शनचे कमांडर होते. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्याखेरीज सगळं सेक्शन पडलं, तरी ते एकटे त्या मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले आणि तिथेच धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला हा माणूस आपल्यासारखाच दोन फितींचा होता. सेक्शन कमांडरच्या हाती काय सोपवलेलं असतं, हे हुकूम देताना मला त्यांच्यामुळे आठवत राहायचं.

राहून गेलं: आवाज. काशन घशातून दिलं तर दोन दिवसांत आवाज बसतो. पोटातून द्या आणि सकाळी मैदान रिकामं असताना शंभर पावलांवर उभ्या मित्राला ऐकू जातं का ते बघा.

2022 नंतर अग्निवीर म्हणून जाणाऱ्यांना चार वर्षंच हातात असतात, आणि पुढे कायम होणारे जास्तीत जास्त 25 टक्के. त्यांनी कॅडरची वाट न पाहता पहिल्या वर्कींग पार्टीपासून जबाबदारी मागून घ्यावी.

नाईक झाल्यावर मी खिशात एक वही ठेवली. प्रत्येक जवानाला एक पान: आर्मी नंबर अक्षरासकट, कुठल्या परीक्षा झाल्या, पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख, रजा कधीची, घरी कोण आजारी. ज्या रकान्यात ऑर्डर नंबर रिकामा दिसायचा, त्या जवानाला घेऊन मी स्वतः त्या खिडकीपाशी जायचो.