फायब्रोमायल्जियात टेन्स: करंट पुरेसा हवा, आणि अंग हलतं हवं

फायब्रोमायल्जियात, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याच्या विकारात, टेन्सचं यंत्र (त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून सौम्य करंट देऊन दुखणं कमी करायचं साधन) हौसेनं घेतलं जातं आणि महिन्याभरात कपाटात जातं. ‘नुसत्या मुंग्या येतात, दुखणं तिथंच.’ अशा वेळी बहुधा दोन गोष्टी चुकलेल्या असतात: करंट अगदी कमी, आणि यंत्र लावून पडून राहणं.

आयोवा आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठांनी फायब्रोमायल्जिया असलेल्या ३०१ स्त्रियांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. चालू औषधं न थांबवता रोज २ तास टेन्स, तेही हालचाल करताना. ४ आठवड्यांनी हालचालीतलं दुखणं ३० टक्के किंवा जास्त उतरलं अशा जणी खऱ्या यंत्राच्या गटात ४४ टक्के, नकली यंत्राच्या गटात २२ टक्के. म्हणजे सगळ्यांना गुण येईल असं नाही. पण औषध न वाढवता एवढं मिळत असेल तर ते मोलाचं आहे.

सेटिंग मिश्र फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे करंटच्या ठोक्यांचा वेग बदलत राहील असं ठेवा. अभ्यासात ती २ ते १२५ हर्ट्झ होती, पल्स विड्थ (एका ठोक्याचा कालावधी) २०० मायक्रोसेकंद. एकच फ्रिक्वेन्सी रोज वापरली की शरीर तिला सरावतं.

दोन पॅड मानेच्या तळाशी उठून दिसणाऱ्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना, दोन कमरेत खालच्या बाजूला. हाडावर नको, शेजारच्या मांसल भागावर.

खरी मेख करंटमध्ये आहे. तो हळूहळू वाढवत न्या. दुखायला लागलं की एक पायरी खाली या. ठसठशीत जाणवला पाहिजे, पण सोसवला पाहिजे. पाच-दहा मिनिटांत जाणीव बोथट होते, तेव्हा पुन्हा थोडा वाढवा. ही दुसरी वाढ राहून जाते आणि पुढचा सगळा वेळ फुकट जातो. फायब्रोमध्ये नुसता स्पर्शही झोंबतो, म्हणून पहिले काही दिवस वेळ कमी ठेवा, आणि ज्या कामात दुखतं त्याच वेळी लावा: पोळ्या लाटताना, जिना चढताना, फिरायला जाताना. गाडी चालवताना, आंघोळीत किंवा झोपेत मात्र अजिबात नाही.

पेसमेकर असेल तर हे यंत्र नकोच. अपस्मार असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि छातीवर पॅड लावू नका.

टोचल्यासारखं वाटलं तर आधी पॅडची कड पाहा. ती सुटली की सगळा करंट उरलेल्या छोट्या जागेतून जातो. तेल किंवा क्रीम लावलेल्या त्वचेवर पॅड धरत नाही. साबणानं धुऊन कोरडी करा. सुकलेल्या जेलवर पाण्याचा एक थेंब पसरला तर ते पुन्हा चिकटतं. तरीही धरत नसेल तर पॅड बदला.